सुट्या कपड्यांचा संसार : अमेरिकन स्पोर्ट्सवेअरच्या अभ्यासाला एक प्रस्तावना

1934 साली न्यू यॉर्कमध्ये क्लेअर मकार्डेल या डिझायनरने पाच कपड्यांचा एक संच बेतला. पाठ उघडी ठेवणारा एक टॉप, अंगभर झाकणारा दुसरा, एक लांब स्कर्ट, एक आखूड स्कर्ट आणि एक क्युलॉट, म्हणजे पँटसारखा दोन पायांत विभागलेला स्कर्ट. कापड सगळ्यांना एकच, लोकरीची जर्सी. वरचा कुठलाही कपडा खालच्या कुठल्याही कपड्यावर चालावा, प्रवासाला निघालेल्या बाईने एकच लहान बॅग उचलावी आणि सकाळच्या फेरफटक्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत तिचे त्यात भागावे, असा हिशेब होता. दुकानदारांनी तो संच घेतला नाही. ड्रेस विकणारा विभाग वेगळा, स्कर्ट विकणारा वेगळा; मग हे पाच नग मांडायचे कुठे आणि विकायचे कसे, हे त्यांना उमगेना.

1985 साली त्याच शहरात डोना कॅरनने आपल्या नावाचा पहिला संग्रह मांडला. त्याचा गाभा होता सात सुट्या कपड्यांचा. अंगाला घट्ट बसणारा बॉडीसूट, गुंडाळून बांधायचा स्कर्ट, जॅकेट वगैरे. काळ्या रंगावर भर, आणि कशावरही काहीही चालेल अशी योजना. या वेळी दुकानांनी तो डोक्यावर घेतला. आज फॅशनच्या कुठल्याही इतिहासात ‘सेव्हन ईझी पीसेस’चे नाव ठळक अक्षरांत सापडते. मकार्डेलच्या पाच कपड्यांना मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदातच जागा मिळते.

मधल्या 51 वर्षांत काय बदलले, हा या अभ्यासक्षेत्राचा मूळ प्रश्न आहे असे मला वाटते. ‘बाई बदलली, नोकरीला लागली’ हे उत्तर पटकन सुचते आणि ते अगदीच खोटे नाही. पण 1934 च्या न्यू यॉर्कमध्येही टंकलेखन करणाऱ्या, दुकानांत उभ्या राहणाऱ्या, शाळांत शिकवणाऱ्या हजारो बाया होत्या. गरज होती, कल्पनाही होती. नव्हती ती कल्पनेला गिऱ्हाइकापर्यंत नेणारी वाट, आणि त्या वाटेवर डिझायनरच्या नावाला असलेली किंमत. म्हणून या क्षेत्रातली कारकीर्द नुसत्या कपड्यांवरून वाचता येत नाही. कपडा कोणी शिवला, कोणी विकला आणि गळ्याच्या आतल्या पट्टीवर नाव कोणाचे होते, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावे लागतात. त्यातला तिसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आधी एक खुलासा. इथे स्पोर्ट्सवेअर म्हणजे मैदानावरचे किंवा जिममधले कपडे नव्हेत. अमेरिकन धंद्यात या नावाखाली स्कर्ट, ब्लाउज, स्वेटर, पँट, जॅकेट असे सुटे, एकमेकांत मिसळता येणारे, दिवसभर अंगावर राहणारे तयार कपडे येतात. त्यांचा उगम खेळात आहे, हे खरे. सुझान लंग्लन ही फ्रेंच टेनिसपटू 1920 च्या सुमारास जाँ पातूने बेतलेला बिनबाह्यांचा स्वेटर आणि प्लीटचा आखूड स्कर्ट घालून खेळू लागली आणि प्रेक्षकांतल्या बायकांना तोच स्कर्ट हवासा झाला. त्याआधी दोविलच्या किनाऱ्यावर कोको शनेलने जर्सीचे कपडे विकायला सुरुवात केली होती. जर्सी तोवर मुख्यतः आतल्या कपड्यांची, म्हणजे लोकांनी नाक मुरडावे अशी गोष्ट. पण पॅरिसमधला कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर माप घेऊन, तीन-तीनदा फिटिंग करून शिवला जाई. अमेरिकेत कपडा कारखान्यात, ठरीव मापात, न पाहिलेल्या बाईसाठी शिवला जात होता. सुट्या कपड्यांचा खरा संसार तिथे मांडला गेला.

त्या कारखान्याची गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन कामकरी बाईचा पेहराव ठरलेला होता : गडद स्कर्ट आणि त्यावर पुरुषी शर्टाच्या धर्तीचा पांढरा ‘शर्टवेस्ट’. तयार मिळणारा, स्वस्त, कुठल्याही स्कर्टवर चालणारा. सुट्या कपड्यांची पहिली मोठी लाट हीच. आणि 25 मार्च 1911 रोजी न्यू यॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली तेव्हा बाहेर पडायचा एक दरवाजा कुलूपबंद असल्याने 146 कामगार मेले. त्यांत बहुसंख्य ज्यू आणि इटालियन स्थलांतरितांच्या तरुण मुली होत्या. ज्या कपड्याने एका बाईला मोकळे केले, तोच शिवताना दुसरी बाई कोंडली गेली. अमेरिकन स्पोर्ट्सवेअरला ‘लोकशाहीचा पेहराव’ म्हणण्याची प्रथा आहे. ती वाचताना ही तारीख ध्यानात ठेवावी.

आता क्लेअर मकार्डेलकडे वळतो. या विषयात शिरायचे तर तिच्याच दारातून शिरावे, असा माझा आग्रह आहे. तिचा जन्म 1905 मध्ये मेरिलंडमधल्या फ्रेडरिक या गावी झाला. घरात भाऊ होते, आणि त्यांच्या कपड्यांना खिसे आहेत, आपल्या कपड्यांना नाहीत, ही तक्रार तिने पुढे जन्मभर कपड्यांतूनच मांडली. न्यू यॉर्कच्या ज्या शाळेला आज आपण पार्सन्स म्हणून ओळखतो तिथे ती शिकली, आणि त्याच शाळेच्या पॅरिसमधल्या वर्गात तिने एक वर्ष काढले. तिथे विद्यार्थ्यांना मोठ्या फॅशनगृहांचे नमुने उतरत्या भावात मिळत. मकार्डेल मादलेन व्हियोनेचे कपडे घेई आणि चक्क उसवून बघे. व्हियोने ही उरेब कापाची महाराणी. कापड उभ्या-आडव्या धाग्यावर न कापता तिरपे कापले की ते ताणते, अंगाच्या वळणाने पडते, टक्सची गरज कमी होते. मकार्डेलने तिथून ड्रेसची फॅशन उचलली नाही, कापडाचे वागणे उचलले. पुढे तिच्या कपड्यांवर दिसणाऱ्या लांब, बारीक बंदांच्या जोड्या, ज्यांना अमेरिकनांनी ‘स्पॅगेटी’ नाव दिले, त्या याच शिक्षणातून आलेल्या. बंद दोनदा गुंडाळा, तीनदा गुंडाळा, हवे तिथे गाठ मारा. ठरीव मापाचा कपडा ज्याच्या-त्याच्या अंगाला बसवायची ती युक्ती होती.

तिला पहिली संधी मिळाली ती अपघाताने. ती रॉबर्ट टर्क या डिझायनरची साहाय्यक होती आणि दोघेही टाउनली फ्रॉक्स या कंपनीत होते. 1932 मध्ये टर्क बुडून मरण पावला आणि हंगामाचा अर्धवट संग्रह तिच्या गळ्यात पडला. तिने तो पुरा केला. 1938 साली तिने एक ड्रेस काढला : ना छातीला टक्स, ना कमरेला शिवण, खांद्यावरून तंबूसारखा सरळ खाली पडणारा. बाईने पट्टा बांधला की त्याला आकार येई, आणि पट्टा कुठे बांधायचा हे तिचे तिने ठरवायचे. संन्याशाच्या झग्याशी असलेल्या साम्यावरून त्याला ‘मोनॅस्टिक’ म्हणू लागले. ड्रेस धडाधड विकला गेला आणि तितक्याच धडाधड त्याच्या नकला निघाल्या. अमेरिकेत कपड्याच्या बेताला कायद्याचे संरक्षण जवळजवळ नव्हते. नकलाकारांशी लढण्याचा खर्च टाउनलीला झेपला नाही आणि कंपनी बंद पडली. आपला सर्वांत यशस्वी कपडाच आपल्या कंपनीला घेऊन बुडाला, असा विचित्र योग मकार्डेलच्या वाट्याला आला. पुढची दोन वर्षे तिने हॅटी कार्नेगी या बड्या फॅशनगृहात काढली. तिथल्या श्रीमंत गिऱ्हाइकांना तिचे कपडे त्यांच्या किमतीच्या मानाने फारच साधे वाटत.

1940 मध्ये एडॉल्फ क्लाइनच्या हाताखाली टाउनली पुन्हा उभी राहिली आणि मकार्डेल परतली. या वेळी पट्टीवर तिचे नाव छापले गेले. त्या काळी सेव्हन्थ अव्हेन्यूवर, म्हणजे न्यू यॉर्कच्या तयार कपड्यांच्या पेठेत, ही मोठी गोष्ट होती. कपडा कंपनीच्या नावाने विके आणि बेतणारी बाई मागल्या खोलीत बसे, हा रिवाज. तो मोडायला दोन माणसांनी मदत केली, आणि दोघीही डिझायनर नव्हत्या. पहिली डोरोथी शेव्हर. तिने 1932 पासूनच लॉर्ड अँड टेलर या दुकानाच्या खिडक्यांत अमेरिकन डिझायनर नावानिशी झळकवायला सुरुवात केली होती. 1945 मध्ये ती त्याच कंपनीची अध्यक्ष झाली. दुसरी प्रसिद्धीतज्ज्ञ एलिनॉर लॅम्बर्ट. 1940 च्या जूनमध्ये पॅरिस जर्मनांच्या हाती पडले, तिथून येणारी चित्रे आणि नमुने थांबले, आणि न्यू यॉर्कला पहिल्यांदाच स्वतःच्या पायावर उभे राहावे लागले. लॅम्बर्टने ती संधी साधली. न्यू यॉर्कमध्ये पत्रकारांसाठी भरणारा फॅशनचा आठवडा आणि 1943 पासूनची अमेरिकन फॅशनची ‘कोटी’ पारितोषिके हे तिचेच काम. 1944 चे कोटी पारितोषिक मकार्डेलला मिळाले. या दोघींवाचून तिची कारकीर्द कशी घडली असती, याचा विचार अभ्यासकाने जरूर करावा. माझे उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही.

1942 चा ‘पॉपओव्हर’ मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. हार्पर्स बझार या मासिकाने मागणी केली ती अशी : मोलकरणी युद्धाच्या कारखान्यांत गेल्या, आता घरकाम मालकिणीच करणार, त्यांच्यासाठी काहीतरी बेता. मकार्डेलने डेनिमचा एक ड्रेस केला. तो डोक्यावरून घालावा लागत नाही. पुढून गुंडाळून बाजूला बंद होतो. बाही सैल, हात फळीपर्यंत सहज वर जावा अशी. एक मोठा खिसा वरून लावलेला. शिवणींवर कामगारांच्या पँटवर असते तशी ठसठशीत दुहेरी टीप, लपवायचा प्रयत्न नाही. आणि कमरेशी फितीने अडकवलेला, त्याच कापडाचा, गरम भांडे धरायचा हातमोजा. किंमत 6 डॉलर 95 सेंट. पहिल्याच हंगामात 75,000 हून अधिक नग खपले. युद्धकाळात कापडाच्या वापरावर सरकारी निर्बंध होते, पण हा कामाचा कपडा मानला गेल्याने त्याची किंमत इतकी खाली ठेवता आली. पुढे प्रत्येक वर्षी तिने तोच गुंडाळायचा बेत पुन्हा घेतला, कधी समुद्रकिनाऱ्यासाठी, कधी पार्टीसाठी. एकच विचार जन्मभर घोटत राहायचा, ही सवय चांगल्या स्पोर्ट्सवेअर डिझायनरची खूण आहे. दर हंगामाला नवे काहीतरी द्या म्हणणाऱ्या धंद्यात ती टिकवणे सोपे नसते.

तिच्या इतर कपड्यांतही अडचणीतून सुचलेल्या गोष्टी पावलोपावली भेटतात. बर्फावर स्की करताना कानांना वारा झोंबतो, म्हणून जर्सीच्या टॉपला टोपी. धातू युद्धाकडे वळला, चेन मिळेना, म्हणून पितळी हूक, आणि तेही झाकायचे नाहीत, दागिन्यासारखे मिरवायचे. चामड्याच्या बुटांवर रेशन आले, म्हणून 1944 मध्ये कपेझिओ या नर्तकांचे बूट करणाऱ्या कंपनीकडून बॅले चपलांना टणक तळ बसवून घेतले, आणि त्या चपला रस्त्यावर आल्या. गादीच्या खोळीचे पट्ट्यांचे कापड, चौकटीचे सुती कापड, अशी स्वयंपाकघर-कोठारातली कापडे तिने संध्याकाळच्या ड्रेसला लावली. 1947 च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या क्रिस्तियाँ दिओरने आवळलेली कंबर आणि मणभर कापडाचा स्कर्ट आणला तेव्हा ती डगमगली नाही. घेर तिनेही वाढवला, पण आत कांचोळी घातली नाही. 1955 च्या मे महिन्यात ‘टाइम’ने तिला मुखपृष्ठावर घेतले. 1956 मध्ये तिचे पुस्तक आले. 1958 च्या मार्चमध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, ती कर्करोगाने गेली. शेवटचा संग्रह आजारपणात, मैत्रीण मिल्ड्रेड ऑरिकच्या मदतीने पुरा केला होता. त्यानंतर घरच्यांनी तिच्या नावाचा धंदा मिटवला. तिचे नाव पुढची दोन-तीन दशके विस्मरणात जाण्याचे मुख्य कारण माझ्या मते हेच. दिओर तिच्याआधी काही महिने, 1957 मध्ये गेला. त्याचे नाव चालवणारे घर उभे होते, म्हणून तो आजही दुकानात भेटतो.

आतापर्यंत वाचकाच्या मनात शंका आली असेल : सात डॉलरच्या ड्रेसचे सांगताय, यात लक्झरी कुठे? रास्त शंका आहे. तिचे उत्तर बॉनी कॅशिनकडे मिळते.

कॅशिन कॅलिफोर्नियाची. आई शिवणकाम करणारी, आणि कोवळ्या वयातच नृत्यमंचाचे पोशाख बेतायला लागलेली ही मुलगी. चाळीसच्या दशकात ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समध्ये तिने चित्रपटांचे कपडे केले. ‘लॉरा’ हा 1944 चा चित्रपट त्यांतला सर्वाधिक गाजलेला. नंतर न्यू यॉर्कला परतून 1950 मध्ये तिने कोटी पारितोषिक मिळवले आणि पुढे सिल्स या कंपनीसाठी चामड्याचे कोट करायला घेतले. एकावर एक थर घालायची कल्पना तिला लहानपणी पाहिलेल्या चिनी वस्तीतल्या पोशाखांवरून आली असे ती सांगे. थंडी कमी-जास्त होईल तसा एक थर काढायचा, एक चढवायचा. आज हे कोणालाही नवे वाटणार नाही, इतके ते पचनी पडले आहे.

तिचा एक लांब स्कर्ट प्रसिद्ध आहे. तिच्या घरी वर-खाली जिने होते आणि पाहुण्यांसाठी पेले घेऊन चढताना स्कर्ट पायात येई. पदर खोचून कामाला लागणाऱ्या आपल्या बायकांना हा प्रश्न सांगायला नको. कॅशिनने कुत्र्याच्या साखळीला असते तशी पितळी कडी स्कर्टला लावली. घेर उचलायचा, कमरेच्या कडीत अडकवायचा, हात मोकळे. तशीच एक कडी तिच्या मोटारीच्या घडीच्या छपरावरून आली. छप्पर बसवायची ती फिरती खिट्टी तिने कोच या कंपनीच्या हातपिशव्यांवर बसवली. 1962 पासून 1974 पर्यंत ती कोचसाठी काम करत होती आणि ती खिट्टी आजही त्या पिशव्यांवर दिसते. तिच्या काही कोटांच्या खिशांना थेट पर्सची पितळी पकड आहे. म्हणजे पर्स विसरायचा प्रश्नच मिटला.

कॅशिनच्या कोटाची किंमत जास्त होती ती भरतकामामुळे नव्हे. मऊ चामडे, मोहेर, स्कॉटलंडमध्ये विणलेली कश्मिरी लोकर, कडांना चामड्याची पट्टी, आणि दहा वर्षे टिकेल अशी पितळी कडी. गाठ, खिसा, थर हा विचार मकार्डेलचाच. माल आणि हात वेगळे. लक्झरी स्पोर्ट्सवेअर या शब्दप्रयोगात मला हेच दिसते. श्रीमंत बाई विकत घेते ती सोय, पण ती सोय इतरांहून चांगल्या कापडात. यात थोडा ढोंगीपणा आहे, असे कोणी म्हटले तर मी भांडणार नाही.

कॅशिनने आपले नाव भाड्याने दिले नाही. परवाने विकून अत्तरे, चादरी, मोजे यांवर नाव छापायची त्या काळची चटक तिला लागली नाही. त्यामुळे कामावरचा ताबा राहिला, संपत्ती मात्र मर्यादित राहिली, आणि 2000 साली ती गेली तेव्हा तरुण पिढीला नाव आठवून सांगावे लागत होते. उलट टोकाला हॉल्स्टन हा न्यू यॉर्कचा डिझायनर. त्याने 1973 मध्ये नावासकट धंदा विकला आणि दहा-बारा वर्षांतच स्वतःच्या नावाने कपडे काढण्याचा हक्क गमावून बसला.

त्याच 1973 च्या 28 नोव्हेंबरला व्हर्सायच्या राजवाड्यात तो गाजलेला सामना झाला. राजवाड्याच्या डागडुजीसाठी निधी उभा करायचा होता. पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकन डिझायनर. अमेरिकन पाचांत एकच बाई, अ‍ॅन क्लाइन. बाकीच्यांना तिची अडचण वाटत होती. कारण ती करी स्पोर्ट्सवेअर, आणि राजवाड्यात स्पोर्ट्सवेअर काय दाखवायचे? फ्रेंचांनी रथ, भोपळा आणि मोठा वाद्यवृंद आणून दोन तासांहून अधिक वेळ घेतला. अमेरिकनांचा पडदा फूट आणि मीटरच्या घोळात आखूड निघाला, तेव्हा जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर त्यांनी सुमारे अर्ध्या तासात आपले कपडे चालवून दाखवले. त्यांच्या मॉडेलांत कृष्णवर्णीय तरुणी लक्षणीय संख्येने होत्या आणि त्यांच्या चालीनेच सभागृह जिंकले. रॉबिन गिव्हान या पत्रकार-समीक्षकेचे 2015 चे पुस्तक या रात्रीवर आहे. वंश, पैसा आणि कपडे यांची गुंतागुंत कशी उकलावी याचा तो उत्तम धडा आहे.

अ‍ॅन क्लाइन त्यानंतर चार महिन्यांत, 1974 च्या मार्चमध्ये, कर्करोगाने गेली. तिची साहाय्यक होती डोना कॅरन. शिंप्याची मुलगी, आई शोरूममध्ये काम करणारी, म्हणजे धंदा जन्मापासून कानांवर पडलेला. क्लाइन गेली त्याच सुमारास कॅरनला मुलगी झाली होती, आणि अर्धवट संग्रह तिच्यापुढे वाढून ठेवलेला होता. 1932 मधल्या मकार्डेलचीच परिस्थिती, पण एका मोठ्या फरकाने : या वेळी पट्टीवर बाईचे नाव होते आणि ते मालकाला जिवंत ठेवायचे होते. कॅरनने लुई डेल’ओलिओबरोबर दहा वर्षे क्लाइनच्या नावाने काम केले. 1984 मध्ये क्लाइनच्या कंपनीच्याच मालकांनी, टोमियो टाकी आणि फ्रँक मोरी यांनी, तिला स्वतंत्र धंद्यासाठी भांडवल दिले.

सात कपड्यांतला बॉडीसूट बघा. शर्ट स्कर्टमध्ये खोचला की दिवसभरात तो वर येतो, बैठकीत बसले की फुगतो. कॅरनने शर्टच खालून बटणांनी बंद केला. हा प्रश्न पुरुष डिझायनरला सुचला नसता असे ठामपणे म्हणणे अवघड. तिच्या जर्सीच्या कपड्यांत पोट-कंबरेला आडोसा आणि खांदे उघडे, असा हिशेब असे; बाईच्या खांद्यावर कधी चरबी चढत नाही, असे तिचे लाडके मत. उघड्या खांद्यांचा तो काळा ड्रेस हिलरी क्लिंटन यांनी 1993 मध्ये व्हाइट हाऊसमधल्या मेजवानीत घातला आणि वर्तमानपत्रांना विषय मिळाला.

पुढचे प्रकरण शेअरबाजाराचे. 1996 मध्ये कंपनीचे शेअर 24 डॉलरला बाजारात आले. नावाचे हक्क मात्र कॅरन आणि तिच्या नवऱ्याने वेगळ्या कंपनीत ठेवले होते आणि बाजारातली कंपनी त्यांना स्वामित्वधन देई. हा शहाणपणा होता. भागधारकांना तो फारसा रुचला नाही. भाव कोसळत गेला आणि 2001 मध्ये एलव्हीएमएच या फ्रेंच लक्झरी समूहाने कंपनी निम्म्याहून कमी भावात घेतली, नावाचे हक्कही घेतले. 2015 मध्ये कॅरन पायउतार झाली. 2016 मध्ये तिचे नाव जी-थ्री या कंपनीला 65 कोटी डॉलरला विकले गेले. मकार्डेलचे नाव तिच्याबरोबर मिटले, कॅशिनने ते मुठीत ठेवले, कॅरनचे तिच्याशिवाय हिंडते आहे. तिघींत कोणाचे भले झाले, याचे उत्तर मी देत नाही. पण त्यांच्या कपड्यांविषयी आपल्याला आज काय आणि किती माहीत आहे, हे या तीन व्यवहारांनी ठरवले आहे.

नव्या अभ्यासकाने वाचायचे काय? मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या रिचर्ड मार्टिन यांच्या 1998 च्या प्रदर्शनाने या डिझायनरांना पुन्हा उजेडात आणले; त्यांची नजर बेतावर आणि शिवणीवर पक्की, दुकानाकडे जरा पाठ फिरवलेली. ती उणीव रिबेका आर्नल्ड यांच्या 2009 च्या पुस्तकात भरून निघते. त्यात शहर, जाहिरात, छायाचित्र आणि शेव्हरसारख्या बायकांना न्याय मिळाला आहे. कॅशिनवर स्टेफनी लेक यांचे 2016 चे आणि मकार्डेलवर एलिझाबेथ एव्हिट्स डिकिन्सन यांचे 2025 चे पुस्तक आवर्जून वाचावे. मकार्डेलचे स्वतःचे पुस्तक 2022 मध्ये पुन्हा छापले गेले आहे. सल्ल्याचा भाग कालबाह्य, पण मिस्कील आवाज अजून ताजा. मेट्रोपॉलिटनच्या संग्रहातले कपडे घरबसल्या संगणकावर पाहता येतात. पाहताना मॉडेलच्या अंगावरचे चित्र शेवटी पाहा. आधी पाठ, कड, बंद आणि खिशाची जागा पाहा.

शेवटचे नाव लक्झरीच्या चौकटीत बसत नाही, तरी ते मराठी वाचकासाठी मुद्दाम राखून ठेवले आहे. विली स्मिथ हा फिलाडेल्फियाचा कृष्णवर्णीय डिझायनर. 1976 मध्ये लॉरी मॅले या सहकारिणीबरोबर त्याने विलीवेअर सुरू केले. त्यांचा पहिला छोटा संग्रह बायकांच्या सुट्या सुती कपड्यांचा होता आणि तो या दोघांनी मुंबईत येऊन केला. 1983 मध्ये त्याला कोटी पारितोषिक मिळाले, 1987 मध्ये तो अकाली गेला. अमेरिकन स्पोर्ट्सवेअरच्या इतिहासाचा एक धागा असा आपल्या शहरातून गेलेला आहे. तेव्हा सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबईत एक्स्पोर्टचे कपडे बेतणाऱ्या, शिवणाऱ्या, काज-बटण करणाऱ्या माणसांच्या घरी मापांच्या वह्या, पुठ्ठ्याचे पॅटर्न, नाकारलेले नमुने अजून माळ्यावर असतील, तर ते रद्दीत घालू नका. एखाद्या महाविद्यालयाच्या वस्त्रविभागाला कळवा, आणि ते काम करणारी माणसे आहेत तोवर त्यांच्याशी बोलून घ्या.